आईचा पेपर बघितला, पण काळजी मला बाबांची वाटतेय

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. आई ६८ वर्षांची, शाळा चौथीपर्यंत. माहेर निपाणीकडचं, मावशीशी अजून कानडीत बोलते. बाबा ७४, एमए बीएड, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. दोघं कराड तालुक्यात गावी असतात, मी पिंपरीला. आई हल्ली 'विसरायला होतंय गं' म्हणत होती म्हणून दादाने तिला नेऊन दाखवलं. ३० मार्कांची टेस्ट घेतली त्यात २० पडले, आणि एमआरआयच्या रिपोर्टमध्ये वयानुसार मेंदू आकसलाय असं आहे. दादाने कुठेतरी वाचलं होतं की कमी शिकलेल्यांचा मेंदू लहान असतो आणि म्हातारपणी लवकर खलास होतो, ते त्याने आईसमोरच बोलून दाखवलं. तेव्हापासून आई गप्प आहे. ती १२ वर्षं बचत गटाचा हिशोब बघते, ते पण दादा सोडायला लावतोय. बाबांचं तसं काही नाही, ते शिकलेले, वाचन दांडगं. फक्त चिडचिड वाढलीय, लाईट बिल एकदा दोनदा भरलं, कराडहून येताना भलत्याच एसटीत बसले. फोनवर कुणाचं नाव आठवलं नाही तर आई मागून सांगते. शब्दकोडं बंद केलंय, डोळे दुखतात म्हणतात. ऐकायचं मशीन घेतलंय ते कपाटातच असतं. आईचं खरंच असं झालंय का? आता काही करता येईल का? टेस्टच्या पेपरचा फोटो जोडलाय."

अगं, ताई म्हणालीस म्हणून मी पण सरळ तू म्हणते. मी बरीच वर्षं हीच टेस्ट म्हाताऱ्या माणसांसमोर बसून घेतलीय, त्यामुळे तुझं पत्र अर्धं वाचून आधी पेपरचा फोटोच मोठा करून बघितला. एमएमएसई आहे ती, आठवण, लक्ष, हिशोब असं थोडं थोडं बघणारी टेस्ट. आईचे १० मार्क कुठे गेले ते ओळ अन् ओळ बघितलं. १०० मधून ७ वजा करत जा, त्यात पहिलं ९३ बरोबर, पुढे अडकली, ४ गेले. एक वाक्य लिहा म्हटलं तर लिहिलं नाही, १ गेला. दोन पंचकोन एकमेकांत अडकलेले काढायचे असतात ते जमलं नाही, १ गेला. तारीख, महिना, साल, तिन्ही चूक. आणि मघाशी सांगितलेले तीन शब्द परत सांगा, त्यातला एक राहिला.

आता तारखेच्या ओळीपुढे टेस्ट घेणाऱ्याने पेन्सिलने बारीक काय लिहिलंय बघितलंस का? 'एकादशी, परवा प्रदोष, महिना चैत्र.' आईने उत्तर दिलं होतं गं. तिला आज काय आहे ते माहीत होतं, नुसतं आजचंच नाही तर परवाचंही, फक्त ती ज्या कॅलेंडरवर जगते ते टेस्टच्या कागदावर नाही. साल सांगताना अडखळली असेल, पण चैत्र आणि एकादशी बरोबर सांगणारी बाई दिवस-महिना विसरलीय असं मी तरी लिहिलं नसतं.

म्हणजे १० पैकी निदान ८ मार्क असे आहेत की त्यात आठवण किती गेली आणि शाळा किती झाली हे वेगळं काढताच येत नाही. चौथीनंतर जिने पेन्सिल हातात धरून चित्र काढलं नाही तिला ६८ व्या वर्षी अनोळखी माणसासमोर पंचकोन काढायला सांगायचा आणि नाही आला तर मेंदूचा मार्क कापायचा. हे डॉक्टरांना पण माहीत असतं, म्हणून तर हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांमध्ये अभ्यास झाला तेव्हा १९९५ च्या सुमारास या टेस्टचं हिंदीत वेगळं रूप केलं, वाचता-लिहिता न येणाऱ्यांसाठी प्रश्न बदलले. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तिथे बहुतेक लोक निरक्षर असूनही अल्झायमरचं (डिमेन्शिया म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याचा आजार, त्याचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार) प्रमाण जगात नोंदवलेल्या सगळ्यात कमी प्रमाणांपैकी एक निघालं. दादाचं गणित सरळ असतं तर तिथे उलटं निघायला हवं होतं.

पण दादा अगदीच चुकीचं बोलला असंही मी म्हणणार नाही. बोलायची जागा चुकली, फार चुकली, पण त्याने वाचलेल्यात तथ्य आहे आणि ते तुझ्यापासून लपवून मी तुला नुसता धीर दिला तर उपयोग नाही. १९९४ ला न्यूयॉर्कमध्ये याकोव्ह स्टर्न यांनी ५९३ म्हाताऱ्या लोकांना काही वर्षं बघितलं, त्यात आठ वर्षांपेक्षा कमी शाळा झालेल्यांना डिमेन्शिया व्हायचा धोका साधारण दुप्पट दिसला. आपल्याकडे मोठी पाहणी झाली त्यात ६० च्या वरच्या लोकांमध्ये डिमेन्शिया ७.४ टक्के निघाला, आणि बायकांमध्ये, खेड्यात, कमी शिकलेल्यांमध्ये जास्त. लॅन्सेट या मेडिकल जर्नलच्या समितीने २०२४ ला टाळता येण्यासारखी १४ कारणं सांगितली त्यात पहिलं कारण लहानपणी शिक्षण कमी मिळणं हेच आहे.

मग मेंदू लहान असतो का? शिकलेल्या लोकांचा मेंदू स्कॅनमध्ये सरासरीने थोडा मोठा दिसतो, हे खरं. पण तो शाळेने मोठा केला का, की ज्या घरात पोराला दूध-तूप मिळालं, आजारपणात औषध मिळालं, त्याच घरातलं पोर पुढे शिकलंही, हे कसं ओळखायचं? यावर इंग्लंडमध्ये एक फार सुंदर गोष्ट हाती लागली. तिथे १ सप्टेंबर १९७२ पासून शाळा सोडायचं वय १५ वरून १६ केलं. म्हणजे जवळपास एकाच वयाची, एकाच गल्लीतली पोरं, पण जन्मतारीख चार दिवस इकडे-तिकडे म्हणून काहींना एक वर्ष जास्त शाळा सक्तीने करावी लागली. त्या लोकांचे मेंदू ४० पेक्षा जास्त वर्षांनी स्कॅन केले आणि शोधून शोधून पाहिलं तरी त्या जादा वर्षाची खूण मेंदूच्या आकारात कुठे सापडली नाही. एक वर्षच होतं हे मान्य, पण आकारावरून शिक्षण मोजणाऱ्यांनी जरा थांबावं असं हे आहे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. २०२१ ला युरोपातल्या बऱ्याच देशांतल्या मिळून २००० च्या वर लोकांचे स्कॅन परत परत काढून बघितले, शिकलेल्यांचा मेंदू हळू आकसतो आणि कमी शिकलेल्यांचा भराभर, असं आहे का म्हणून. तसं नाही निघालं. आकसण्याचा वेग दोघांचा सारखाच. याला मी आपल्याकडचंच उदाहरण देते, शेजारी शेजारी दोन विहिरी धर, एकीला पाणी जास्त, एकीला कमी. उन्हाळ्यात दोन्हीची पातळी सारखीच उतरते, फक्त जिच्यात पाणी जास्त होतं तिचा तळ उशिरा दिसतो. शिक्षण म्हणजे ते सुरुवातीचं पाणी. तेव्हा एमआरआयवर 'वयानुसार' असा शब्द आहे ना, तो दादाला परत एकदा वाचायला सांग. ६८ व्या वर्षी तो बाबांच्या रिपोर्टमध्येही आला असता, माझ्याही येईल.

पोर्तुगालमधलं एक संशोधन तुला मुद्दाम सांगायचंय. १९९८ चं. तिथे जुन्या काळी गरीब घरांत थोरली मुलगी घरी ठेवायचे, धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि धाकट्या शाळेत जायच्या. संशोधकांनी अशा बायका शोधल्या, म्हाताऱ्या झालेल्या, एकीला अक्षर येत नाही आणि एकीला येतं, बाकी गाव, गरिबी सगळं सारखं. त्यांना अर्थ असलेले शब्द म्हणायला सांगितले तर दोघींनाही जमले. अर्थ नसलेले, नुसते आवाज जोडून केलेले शब्द म्हणायला सांगितले तर न शिकलेल्या अडखळल्या, आणि त्यांचा मेंदू ते काम वेगळ्या वाटेने करत होता हे स्कॅनमध्ये दिसलं. म्हणजे शाळा मेंदूला काही ठराविक वाटा पाडून देते, विशेषतः आवाज सुटे सुटे करून ऐकायची, कागदावर विचार करायची. ज्याला त्या वाटा नाहीत त्याला अक्कल नाही असं नव्हे, तो दुसऱ्या वाटेने जातो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या आत्याच डोळ्यासमोर आल्या, चार बहिणींत थोरली, पाळण्याची दोरी हातात म्हणून शाळा नाही. तुझी आई चौथीत का थांबली हे तू पत्रात लिहिलं नाहीस, कधी विचारलंयस का तिला? विचार.

आणि ती वाट पुढेही पाडता येते. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर बायकांना, साधारण तिशीच्या, सहा महिने हिंदी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन घेतले, २०१७ ला हे छापून आलं. बदल कुठे दिसला तर मेंदूच्या खोल आतल्या जुन्या भागांचा आणि बघण्याच्या भागाचा ताळमेळ वाढला होता. सहा महिन्यांत! आपल्याकडे मुरबाड तालुक्यात फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी साडी नेसून पाटी घेऊन बसतात, फोटो पाहिले असशील. त्यांचे स्कॅन कुणी काढले नाहीत आणि पाटीने डिमेन्शिया टळतो असं मी म्हणत नाही. पण बँकेत अंगठ्याऐवजी सही करताना त्या आज्यांचा चेहरा बदलतो ना, तेवढ्यासाठीच मी तुझ्या आईच्या हातात वही देईन. वाक्य लिहायचा तो एक मार्क पण घेऊन टाकू दे तिला.

शिवाय आईच्या खात्यात शाळेच्या बाहेरचं बरंच जमा आहे, ते दादाने धरलंच नाही. कानडी आणि मराठी दोन्ही रोजच्या वापरात असणं हे साधं नाही. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाचे ६४८ पेशंट बघितले, २०१३ ला ते आलं, त्यात दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला आणि हे कधीच शाळेत न गेलेल्यांमध्येही दिसलं. सगळीकडच्या अभ्यासांत इतकं स्पष्ट येत नाही, तेव्हा याला गॅरंटी समजू नकोस. पण मावशीचे फोन चालू राहू देत. आणि बचत गट! १२ वर्षं कुणाचा हप्ता बाकी, कुणी कर्ज उचललं, व्याज किती, हे जी बाई सांभाळते तिच्या डोक्याची टेस्ट घ्यायची तर ती तिथे घ्यायला हवी. आत्ता ते काम काढून घेणं म्हणजे तिचा रोजचा व्यायामही गेला, चार बायकांत उठबसही गेली आणि घरात मान होता तोही गेला. एकटं पडणं हे लॅन्सेटच्या त्या १४ कारणांत आहे बरं का. तू एक कर, गावी गेलीस की आईबरोबर बसून गटाचं रजिस्टर बघ, यंदाचं आणि दोन वर्षांपूर्वीचं. चुका वाढल्यात का, खाडाखोड वाढलीय का, पूर्वी तोंडी सांगायची ते आता शोधावं लागतं का. चौथी झालेल्या बाईची तुलना एमएवाल्याशी नाही करायची, तिची तिच्याशीच करायची, दोन वर्षांपूर्वीच्या तिच्याशी. तिथे फरक दिसला तर मग मी पण गंभीरपणे घेईन. नाही दिसला तर सहा महिन्यांनी परत टेस्ट, आणि या वेळी आधीच सांगायचं की शिक्षण चौथी आहे, त्याप्रमाणे बघा.

आता बाबा.

तुझ्या पत्रात आईबद्दल मार्क आणि रिपोर्ट आहेत, पण बदल कुठे आहेत बघ. बिल दोनदा, ओळखीच्या रस्त्यावर भलती एसटी, नावं आठवत नाहीत, चिडचिड, आणि आवडीचं शब्दकोडं सोडलं. हे सगळं तू 'फक्त' म्हणून एका दमात लिहून टाकलंस, कारण ते शिकलेले आहेत. इथेच खूप घरं फसतात, मी पेशंटच्या नातेवाइकांकडून हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, नाही हो ते तर प्रोफेसर होते, नाही हो ते अजून पेपर वाचतात.

अमेरिकेत मिनेसोटाच्या एका मठापासून डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ ला ननवर अभ्यास सुरू केला, पुढे त्यात ६७८ नन आल्या, आणि मेल्यावर मेंदू तपासायला द्यायला त्या तयार झाल्या. त्यातल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या. शेवटपर्यंत टेस्टमध्ये चांगले मार्क, डोकं तल्लख. आणि गेल्यावर मेंदू उघडून बघितला तर अल्झायमरच्या खुणा खच्चून भरलेल्या. आजार आत होता, बाहेर दिसला नव्हता. याच बाईंनी १९ व्या वर्षी शिकवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचीच शाळा आठवीपर्यंत झालेली होती, दर उन्हाळ्यात थोडं थोडं शिकत ४१ व्या वर्षी हायस्कूल पुरं केलं, हे तुझ्या आईला जरूर सांग.

पण मला तुला सांगायचंय ते याची दुसरी बाजू. शिक्षण आजार थांबवत नाही, तो दिसणं लांबवतं. ज्याच्याकडे शब्द भरपूर आहेत तो एक शब्द आठवला नाही तर दुसरा वापरतो, गोष्ट फिरवून सांगतो, वर्गात ४० पोरांसमोर वेळ मारून न्यायची सवय असलेला मास्तर तर डॉक्टरसमोर १५ मिनिटं सहज काढेल. आणि म्हणूनच जेव्हा दिसायला लागतं तेव्हा आतलं बरंच झालेलं असतं, आणि मग उतार जास्त वेगाने येतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला अशा ११७ लोकांचं मागचं रेकॉर्ड बघितलं, शिक्षणाचं प्रत्येक वर्ष आठवण ढासळायची सुरुवात साधारण अडीच महिने पुढे ढकलतं असं दिसलं, पण एकदा सुरुवात झाली की जास्त शिकलेल्यांची घसरण जोरात.

आणि बाबांचं दिसत नाही याला अजून एक कारण तूच लिहिलंयस. फोनवर नाव आई मागून सांगते. नुसतं नाव नसेल गं ते. चष्मा कुठे, गोळी घेतली का, गॅसवाला आला का, तुमचा तो मित्र परवा भेटला होता ना, दिवसभर ती त्यांच्या मागे मागे भरत असणार. म्हणजे ती दोन माणसांचं लक्षात ठेवतेय. त्यात रात्री झोप किती होते, मनात काय धाकधूक आहे, हे तिने कुणाला सांगितलं नसेल. मग ती 'विसरायला होतंय गं' म्हणाली तर मला त्यात आजारापेक्षा दमणं आधी ऐकू येतं. कदाचित ती तुम्हाला बाबांबद्दलच काही सांगायला बघत असेल आणि मुख्याध्यापक नवऱ्याबद्दल तसं बोलायची जीभ होत नसेल.

मी इथून निदान करत नाहीये. बी१२ कमी असेल, थायरॉइड असेल, शुगर-बीपीचं असेल, डिप्रेशन असेल, यातलं बरंचसं सुधारतं, म्हणून तर लवकर जायचं. दोघांच्याही रक्ताच्या तपासण्या करून घे. बाबांना 'तुमच्या डोक्याची टेस्ट आहे' म्हणू नकोस, ते येणार नाहीत आणि त्यांचं चुकणारही नाही. आईला दाखवायचंय, तुम्ही सोबत चला, तुमचंही बीपी बघून घेऊ, असं म्हण, त्यात खोटं काही नाही. डॉक्टरांना तू आधी एका कागदावर लिहून दे, बिल, एसटी, शब्दकोडं, कधीपासून, किती वेळा. बाबांसमोर तोंडाने सांगू नकोस. आणि न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे आठवण, लक्ष, भाषा वेगवेगळं तपासणारी मोठी टेस्ट मागून घे, तास-दीड तासाची असते, कारण त्या ३० मार्कांच्या टेस्टमध्ये एमए बीएडला २८ पडले तरी ते घसरण सुरू झाल्यानंतरचे असू शकतात. आईला जी टेस्ट अवघड होती तीच बाबांना सोपी आहे, दोन्ही बाजूंनी शाळाच मध्ये येतेय.

ते कपाटातलं मशीन बाहेर काढ. कमी ऐकू येणं हे त्या १४ कारणांतलं मोठ्यातलं मोठं आहे. अमेरिकेत ९७७ लोकांवर ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला, सगळ्यांना मिळून फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात कानाच्या मशीनने तीन वर्षांत घसरण जवळजवळ निम्मी झाली. म्हातारी माणसं मशीन काढून ठेवतात कारण भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, ते ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्याकडे, दोन-तीनदा जाऊन सेट करून घ्यावं लागतं, एकदा आणून दिलं की झालं असं नसतं. डोळे दुखतात म्हणतात तर डोळेही तपास, मोतीबिंदू असेल तर शब्दकोडं परत सुरू होईल आणि मीच सगळ्यात जास्त खूश होईन. तोवर बिलं आणि बँकेचं दादाने बघावं, पण चेकबुक ओढून घेऊन नाही, शेजारी बसून.

दादावर फार चिडू नकोस. तोही घाबरलाय, आणि घाबरलेली माणसं गूगलवरचं मोठ्याने वाचून दाखवतात. पण आईसमोर बोललाय ते त्याने आईसमोरच मागे घ्यायला हवं. फार काही म्हणायला नको, 'आई, पेपर नीट बघितला, तारखेचं तुझं बरोबर होतं' एवढं म्हटलं तरी पुरे, तिला कळेल.

आणि आईला फोन कर, पण बाबा संध्याकाळी पारावर गेलेले असतील तेव्हा कर. आधी तिच्या टेस्टबद्दल काही बोलू नकोस. बाबांचं तुला काय काय सांभाळावं लागतं गं, एवढं विचार आणि मग गप्प बस, तिला बोलू दे. ती काय म्हणाली ते मला लिही, आणि बाबांची टेस्ट झाली की त्याचाही फोटो पाठव.